गोंदणातील मीन आणि ग्रीक अक्षर

आद्य ख्रिस्ती प्रतीकांवरून गोंदणाची आकृती रचताना मीनाच्या रेखेकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे अक्षरांच्या वळणाकडे दिले जात नाही. ‘इख्थुस’ म्हणजे मासा. या ग्रीक शब्दाची पाच अक्षरे ‘येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणहार’ या पदांची आद्याक्षरे होत. रोममधील लिकिनिया आमियास हिच्या ३ ऱ्या शतकाच्या आरंभीच्या स्मृतिशिलेवर हा शब्द दोन मीन व नांगर यांच्या वर कोरलेला असून त्यातील सिग्मा चंद्रकोरीसारखा आहे. त्याच्या जागी आजच्या मुद्रणातील कोनाकृती सिग्मा योजल्यास अर्थ टिकतो, परंतु काळाची खूण लोपते. ५ व्या-६ व्या शतकांतील गाझाचा प्रोकोपियस सांगतो की, अनेक ख्रिस्ती मनगटावर वा बाहूवर क्रूस किंवा ख्रिस्ताचे नाव गोंदवून घेत. तेथे अक्षर हीच श्रद्धेची साक्ष होती. तिला केवळ नक्षी मानणारी आकृती सदोषच म्हटली पाहिजे.