होम्सच्या पिंडाला कावळा शिवेना

आपल्याकडे माणूस गेला की बाणगंगेवर पिंड ठेवतात आणि मंडळी झाडाकडे बघत बसतात. कावळा शिवेना, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजायचं. शेरलॉक होम्सच्या बाबतीत इच्छा राहिली ती गेलेल्याची नव्हे, मागे राहिलेल्या वाचकांची! कॉनन डॉयलसाहेबांनी १८९३ साली त्याला धबधब्यात लोटून हात झटकले. वाचक ऐकेनात. शेवटी १९०३ साली, म्हणजे आपलं ताजमहाल हॉटेल उघडलं त्याच वर्षी, साहेबांना तो परत आणावा लागला. १९३० साली साहेब स्वतःच गेले, पण होम्सला काही सुटका नाही. दुसरे लेखक त्याला उठवून बसवतातच आहेत.

आम्ही गिरगावकर. आमच्या चाळीत गुप्तहेर म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. होम्स भेटला तो नंतर, भालबा केळकरांच्या मराठीतून. पण भेटला तो घरचाच वाटला. कोणाच्या दारात कोणाच्या चपला आहेत यावरून आत स्थळ आलंय की उधारीवाला, हे जिन्यातूनच सांगणाऱ्या काकू आमच्या मजल्यावर होत्या. शिवाय होम्सकडे येणारी माणसंही आपल्यातलीच. धंदा बसलेला गहाणवटीचा दुकानदार, नोकरी शोधणारी मास्तरीण, कोणाची तरी हरवलेली हॅट. प्रकरण एवढंसं, आणि त्यातून हा माणूस अख्खं आयुष्य उलगडून दाखवणार. खरी लज्जत तिथे.

नव्या लेखकांना एवढंसं प्रकरण पुरत नाही. निकोलस मेयरने १९७४ साली होम्सला थेट व्हिएन्नाला फ्रॉइडच्या दवाखान्यात नेलं. अँथनी होरोविट्झच्या ‘द हाउस ऑफ सिल्क’ला (२०११) तर डॉयलच्या वारसांची अधिकृत परवानगी. भाषा इतकी हुबेहूब की मूळ लेखक कुठे संपला ते कळू नये. पण गुन्हा एवढा मोठा आणि एवढा घाणेरडा, की वॉटसनला ते बाड शंभर वर्षं कुलपात ठेवावं लागतं. मी कादंबरी एका बैठकीत वाचली, नाही असं नाही. पण एवढा अंधार बेकर स्ट्रीटच्या त्या दिवाणखान्यात मावत नाही हो! बोहारणीने जुन्या पैठणीवर नवं स्टीलचं पातेलं द्यावं, तसं वाटलं.

याउलट जम्यांग नोर्बूचा ‘द मंडला ऑफ शेरलॉक होम्स’ (१९९९). मेला समजलेला होम्स मधली दोन वर्षं तिबेटात होता, असं डॉयल एका वाक्यात सांगून मोकळे झाले. नोर्बूने ते वाक्य धरलं. त्याचा होम्स आधी मुंबई बंदरात उतरतो आणि हकीकत सांगतो किपलिंगच्या ‘किम’मधला हरीबाबू. शेवटी शेवटी तर्क बाजूला पडून मंत्रशक्तीचा खेळ होतो. एरवी मी पुस्तक मिटलं असतं. पण लेखक तिबेटी, देश गमावलेला. त्याला होम्स हवाय तो आपल्या हरवलेल्या मुलखात पुन्हा एकदा फिरून येण्यासाठी. त्या गरजेपुढे तर्काचं काय घेऊन बसायचं?

मुंबईचीच पारशी लेक नेव्ह मार्च हिने ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’मध्ये (२०२०) आणखी शहाणपणा केला. होम्सला उठवलंच नाही. होम्सचा एक वाचक उठवला. १८९१ साली राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून मेल्या, ती खरी गोष्ट. तिचा कॅप्टन अग्निहोत्री पुण्याच्या इस्पितळात पडल्यापडल्या होम्स वाचतो आणि त्या प्रकरणाच्या मागे लागतो. चुकतो, मार खातो, प्रेमातही पडतो. होम्सला यातलं दुसरं-तिसरं कोण करू देणार?

मला स्वतःला मात्र एकच प्रकरण हवंय. पहिल्याच कादंबरीत वॉटसन अफगाण युद्धावर निघतो आणि मुंबईत उतरतो. उतरल्यावर कळतं, पलटण केव्हाच पुढे गेली. संपली मुंबई! तेवढी एक संध्याकाळ कोणीतरी लिहावी. समोर नुकताच बांधून झालेला राजाबाई टॉवर, होम्स अजून भेटायचाय, साहेब वाट चुकून गिरगावात शिरलेत. आणि ओट्यावर पान जमवत बसलेल्या एका आजोबांनी त्यांच्या बुटांकडे नुसतं बघून विचारावं, ‘काय डॉक्टर, बोट चुकली की पलटण?’