सुवर्णसंयुगे आणि सेलेनियमयुक्त प्रथिने : परीक्षानळी ते अवयव

सुवर्ण सायनाइड क्षयजंतूंची वाढ रोखते, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये मांडले. १९२९ मध्ये फ्रान्समधील झाक फॉरेस्टिए यांनी सुवर्णक्षार संधिवातावर योजिले आणि १९८५ मध्ये ऑरॅनोफिन हे तोंडाने घ्यावयाचे औषध अमेरिकेत संमत झाले. उपचार आधी व कारणमीमांसा मागाहून, असा हा क्रम आहे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजमध्ये सेलेनियम असल्याचे १९७३ मध्ये, तर मानवी थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये ते असल्याचे १९९६ मध्ये स्पष्ट झाले.

सेलेनोसिस्टीनमधील सेलेनियम शरीराच्या सामूवर बहुतांशी ऋणभारित असते. एकसंयुजी सुवर्णाला ते गंधकापेक्षाही अधिक ओढून घेते. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये हे सेलेनियम साखळीच्या टोकाशी, उघड्यावरच असते. त्यामुळे ऑरॅनोफिनची नॅनोमोलर मात्रा ते विकर रोखण्यास पुरते. रचनेने जवळच्या, परंतु सेलेनियमविरहित अशा ग्लुटाथायोन रिडक्टेजसाठी मात्र सुमारे हजारपट मात्रा लागते. ही तुलना निर्विवाद महत्त्वाची आहे.

आक्षेप आहे तो यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानावर. शुद्ध विकराभोवती स्पर्धक नसतात. पेशीत ग्लुटाथायोन मिलिमोलर प्रमाणात असते. शिवाय रक्तात शिरलेले ऑरॅनोफिन मूळ रूपात टिकत नाही. त्यातील सुवर्ण मुख्यतः अल्ब्युमिनच्या गंधकास जोडले जाते. मग परीक्षानळीत तपासलेला रेणू आणि अवयवात पोहोचलेला रेणू एकच कसा मानावा?

मूत्रपिंडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुवर्ण तेथे साचते, रक्तरसातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज प्रामुख्याने तेथेच तयार होते आणि सुवर्णोपचारात काही रुग्णांच्या मूत्रातून प्रथिने जातात. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की कार्यकारणभाव सिद्ध झाल्यासारखा वाटतो. परंतु सुवर्णाचे कण आढळतात ते मूत्रनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशींत, सदर विकरही तेथीलच. प्रथिनांची गळती मात्र केशिकागुच्छाच्या पटलातून होते. संपूर्ण मूत्रपिंडाचा लगदा करून मापन केल्यास हा भेद नाहीसाच होतो.

उंदरांना ऑरोथायोग्लुकोज दिल्यावर यकृतातील थायोरेडॉक्सिन रिडक्टेजची क्रियाशीलता घटते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण म्हणूनच मोलाचे ठरते. तेथे मापन जिवंत प्राण्यातील परिणामाचे आहे. अर्थात क्रियाशीलता घटणे आणि त्यामुळेच गुण येणे किंवा अपाय होणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. (आपल्याकडे अशा निष्कर्षांचा आधार सुवर्णभस्मासाठी घेण्याचा मोह होतो. भस्मातील सुवर्ण मुख्यतः धातुरूप असल्याने तो आधार येथे लागू पडत नाही.)

अशा प्रयोगांत सेलेनियम-न्यून आहारावरील प्राण्यांचा गट तुलनेसाठी असावयास हवा. त्या प्राण्यांच्या यकृतातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज जवळजवळ लोपते, तर थायोरेडॉक्सिन रिडक्टेज त्या मानाने टिकते. सुवर्णाचा रोख नेमका उलट, म्हणजे दुसऱ्या विकरावर अधिक असतो. दोन्ही गटांतील लक्षणे एकाच अवयवात पडताळली, तर कोणता परिणाम कोणत्या प्रथिनाच्या अभावी होतो, हे वेगळे काढता येईल.