फ्लामेंको गिटारच्या नव्या ध्वनिमुद्रिका आणि समीक्षेचा प्रामाणिकपणा

स्पेनमधील आन्दालुसिया प्रदेशाच्या फ्लामेंको संगीतासंबंधी जे लेखन होते, त्यात गिटारवादनाच्या नव्या ध्वनिमुद्रिकांविषयीचे मतभेद विशेष तीव्र असतात. एकाच मुद्रिकेस एक समीक्षक युगप्रवर्तक म्हणतो, तर दुसरा तिला फ्लामेंको म्हणावयासही तयार नसतो. हे केवळ रुचिवैचित्र्य आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यामुळे समीक्षेचे प्रयोजनच नाहीसे होते. वस्तुतः ह्या वादांत दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ‘ही कृती फ्लामेंको आहे काय?’ हा वर्गीकरणाचा प्रश्न. ‘ही कृती चांगली आहे काय?’ हा मूल्याचा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचेही दिल्याचा आव आणणे, हा ह्या समीक्षेचा मुख्य दोष होय.

पहिला प्रश्न निरर्थक आहे असे नव्हे. फ्लामेंकोची काही निश्चित अंगे आहेत आणि त्यांत ‘कोम्पास’, म्हणजे तालचक्र, हे प्रमुख होय. ‘सोलेआ’ ह्या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असून आघात 3, 6, 8, 10 व 12 ह्या मात्रांवर पडतात. म्हणजे खंड तीन-तीन-दोन-दोन-दोन असे होतात. वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर मिटते. पहिल्या मात्रेवर सम शोधणाऱ्या आपल्या श्रोत्यास येथे प्रथम चकल्यासारखे वाटते. परंतु ह्या विषम खंडांतूनच त्या संगीताचा ताण निर्माण होतो. गिटार ही मुळात गायनाची साथीदार. गाण्याच्या कडव्यांमधून वाजणाऱ्या तिच्या छोट्या रचनांस ‘फाल्सेता’ म्हणतात. यास्तव स्वतंत्र वादनाच्या मुद्रिकेस दोन कसोट्या लावणे न्याय्य ठरते : गायक नसतानाही तालाचा ताण टिकतो काय, आणि सुट्या फाल्सेतांतून एकसंध कृती उभी राहते काय?

‘शुद्धता’ ही तिसरी कसोटी मात्र इतिहासापुढे टिकत नाही. रामोन मोन्तोया (निधन 1949) ह्यांनी 1936 साली पॅरिसमध्ये केलेली मुद्रणे आज परंपरेचा आधारस्तंभ मानली जातात. पण अभिजात गिटारवादनातील आर्पेजिओ व ट्रेमोलो ह्यांचा स्वीकार करून फ्लामेंकोचे वादन समृद्ध करणारे मोन्तोयाच होते. ‘रोन्देन्या’साठी तर त्यांनी तारांची जुळणीही बदलली. ज्याला पुढची पिढी शुद्ध म्हणते, ते मागच्या पिढीचे धाडस असते.

पाको दे लुसिया (1947–2014) ह्यांच्या 1973 सालच्या ‘फुएन्ते इ काउदाल’ ह्या मुद्रिकेतील ‘एन्त्रे दोस आग्वास’ ही रुम्बा विद्युत्-बास व बोंगो ह्यांच्या साथीने अमाप लोकप्रिय झाली. 1979 साली कामारोन दे ला इस्ला ह्यांची ‘ला लेयेंदा देल तिएम्पो’ ही मुद्रिका आली. तीत तोमातितो ह्यांच्या गिटारबरोबर ढोल, विद्युत्-वाद्ये आणि एका रचनेत चक्क सतार होती. तिचा खप अल्प झाला आणि काही ग्राहकांनी ती दुकानात परत केली असे सांगतात. आज तीच मुद्रिका मानदंड गणली जाते. ह्या घटनेवरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की, नव्यास विरोध करणारा समीक्षक नेहमीच चुकतो. हा निष्कर्ष तर्कदुष्ट आहे. एक निकाल चुकीचा ठरला म्हणून निकाल देण्याचे कार्यच अवैध ठरत नाही. विसरल्या गेलेल्या शेकडो मुद्रिकांचे स्मरण कोणी ठेवीत नाही, एवढेच.

अलीकडील तीन मुद्रिकांवरून हे स्पष्ट होईल. ‘कान्सियोन आन्दालुसा’ ही पाको दे लुसिया ह्यांच्या निधनानंतर 2014 सालीच प्रसिद्ध झाली व तिला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अल्बमचा लॅटिन ग्रॅमी पुरस्कार लाभला. तीत जुन्या ‘कोप्ला’ गीतांचे वादन आहे, आणि कोप्ला म्हणजे फ्लामेंको नव्हे. वादनातील आर्तता नाकारता येत नाही. परंतु 1987 सालच्या ‘सिरोको’मधील रचनाबंधाची घट्ट वीण येथे नाही, हे शोकाच्या भरातही सांगावयास हवे होते. श्रद्धांजली आणि समीक्षा ह्यांची भाषा वेगळी असते.

बिसेंते आमिगो ह्यांच्या ‘तिएर्रा’ (2013) मध्ये केल्टिक वादकांची संगत आहे. ‘हे फ्लामेंको नव्हे’ हा तिच्यावरील आक्षेप दुबळा होय. खरा आक्षेप असा की, इतर वाद्यांच्या सुखद ओघात गिटार वारंवार अलंकारापुरती उरते आणि तालाचा ताण सैल पडतो. उलट, राफाएल रिकेनी ह्यांच्या ‘पार्के दे मारिया लुइसा’ (2017) ह्या सेव्हिलमधील उद्यानाच्या नावाने गुंफलेल्या मुद्रिकेतही कोम्पास अनेकदा पडद्याआड जातो. तेथे वर्गीकरणाचा आक्षेप बराचसा खरा आहे. तिची जवळीक अल्बेनिथ, तुरिना ह्यांच्याशी अधिक. तरीही प्रत्येक वाक्याचा मागच्या वाक्याशी असलेला संबंध इतका अर्थपूर्ण आहे की, मूल्याच्या कसोटीवर ती पहिल्या दोहोंहून सरस ठरते. ह्या निर्णयाशी कोणी असहमत होऊ शकेल. परंतु तो कोणत्या स्थळी असहमत आहे हे त्यास सांगता येईल, आणि मतभेदाची उपयुक्तता नेमकी तेथे सुरू होते.

प्रामाणिक समीक्षा म्हणजे कठोर समीक्षा नव्हे, आणि मतस्वातंत्र्य म्हणजे कारणे देण्यापासून सुटका नव्हे. समीक्षकाने आपली कसोटी आधी सांगावी, मग मुद्रिकेतील स्थळ दाखवावे, आणि शेवटी निर्णय द्यावा. असे न झाल्यास त्याची हानी प्रथितयश वादकास होत नाही; ती होते नवोदितास. ज्याची सर्वत्र केवळ स्तुतीच होते त्याला आपले उणे कोठे हे कळत नाही, आणि ज्याला केवळ ‘परंपराबाह्य’ म्हणून दूर लोटले जाते त्याला आपले बळ कोठे हेही उमगत नाही. दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने कला मुकी होते.