अॅडमिरल्टी हाउस : दर्यावर्दींचं घर की सत्तेचं?

लंडनच्या अॅडमिरल्टी हाउसबद्दल जे लिहिलं जातं, त्याची एक ठरलेली पद्धत आहे. १७८८ साली घर तयार झालं, सॅम्युएल पेपिस कॉकरेल हे वास्तुकार, चर्चिल इथे दोनदा राहिले. म्हणजे बऱ्याचदा काय होतं, घराचा इतिहास रहिवाशांच्या यादीवरच संपतो. मला ही पद्धत अपुरी वाटते.

आता वास्तूच बघा. बाहेरून साधी पिवळट विटांची इमारत. व्हाइटहॉल रस्त्यावर तिला स्वतःचं दार नाही, शेजारच्या कचेरीतून आत जायचं. थाट सगळा आतल्या दालनांत. काही जण याला वास्तूचा दोष म्हणतील. मी म्हणेन, यातच तिचा खरेपणा आहे. हे घर कचेरीलाच जोडलेलं आहे, आणि ते ती लपवत नाही.

राहायचं कोण? फर्स्ट लॉर्ड, म्हणजे आरमार खात्याचा मंत्री. एकोणिसाव्या शतकात हा माणूस बहुधा दर्यावर्दी नसायचा, राजकारणी असायचा. शेजारच्या बैठकीच्या खोलीत वाऱ्याची दिशा दाखवणारी तबकडी आहे, छपरावरच्या वातकुक्कुटाला जोडलेली. समुद्राचं वारं खुर्चीत बसून कळायचं! या सोयीचं कौतुक जरूर करावं. पण १९१५ साली दार्दानेल्सच्या मोहिमेचा आग्रह धरणारे चर्चिल याच घरात राहत होते, हेही त्याच दमात सांगावं. मोहीम फसली, त्यांचं पद गेलं, घरही सुटलं. तिकडे गेलेले कित्येक सैनिक मात्र परत आले नाहीत.

आणि आपला संबंध? याच खात्यासाठी १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज बांधलं. ते आजही हार्टलपूलला उभं आहे. त्या घराच्या वैभवामागे असे किती सुतार, किती खलाशी होते. पण रहिवाशांच्या यादीत त्यांना जागा कुठून मिळणार?

१९६४ साली अॅडमिरल्टी संरक्षण मंत्रालयात विलीन झाली आणि घराचं मूळ कारणच संपलं. वास्तू मात्र सरकारकडेच राहिली. खातं गेलं तरी बंगला सुटत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही. म्हणून अशा वास्तूच्या इतिहासाला पहिला प्रश्न 'इथे कोण राहिलं' हा नको. 'इथे राहून काय ठरवलं, आणि ते भोगलं कुणी' हा हवा.