‘ध’चा ‘मा’ : एका पुराव्याची चिकित्सा

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. रघुनाथरावांच्या आज्ञापत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा पुढे वाक्प्रचार होऊन बसली. परंतु वाक्प्रचार रूढ झाला म्हणजे आरोप सिद्ध झाला, असे नव्हे.

या कथेत वस्तुतः तीन प्रश्न एकवटले आहेत : आज्ञापत्र होते काय? त्यात फेरफार झाला काय? तो कोणी केला? ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात, मूळ कागद रामशास्त्री प्रभुणे यांच्या हाती लागून फेरफार आढळला, असे म्हटले आहे. आनंदीबाईंचे नाव मात्र तेथेही सार्वत्रिक समजूत म्हणूनच येते. पहिल्या दोन प्रश्नांस कागदाचा आधार सांगितला जातो, तिसऱ्यास केवळ लोकप्रवादाचा.

‘ध’चा ‘मा’ करावयाचा तर अक्षर बदलून कानाही जोडावा लागतो. अशी खाडाखोड प्रत्यक्ष मोडी कागदावरच पारखता येते, सांगीव वृत्तावरून नव्हे. दोन्ही शब्दांतील यमक स्मरणसुलभ आहे. ते कथा टिकण्याचे कारण असेल, ती खरी असण्याचे नव्हे. शिवाय या कथेमुळे रघुनाथरावांचा अपराध कैदेच्या आज्ञेपुरताच उरतो, हेही विसरता कामा नये. रामशास्त्र्यांनी त्यांना दोषमुक्त मानले नव्हते.

आनंदीबाई निर्दोष होत्या, असे आमचे प्रतिपादन नाही. संशय आणि निर्णय यांतील अंतर अभ्यासकाने राखावे, एवढेच म्हणणे आहे.