वाळूतील अँफिपॉडांची जातिनिश्चिती : शरीररचनेवर आधारित तालिकांची चिकित्सा

टॅलिट्रिडी हे अँफिपॉड गणातील एक कुल होय. त्यातील अनेक जाती भरतीरेषेलगतची ओलसर वाळू व लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले समुद्रशैवाल यांच्या आश्रयाने राहतात. दिवसा वाळूत दडणारे हे कवचधारी प्राणी रात्री अन्नासाठी वर येतात आणि पोटाखाली दुमडलेला उदरभाग झटक्याने उलगडून उडी घेतात. कुल ओळखणे फारसे कठीण नाही. पहिली शृंगिका दुसरीपेक्षा आखूड असणे, जबड्याला स्पर्शक नसणे आणि शेवटच्या पुच्छपादाला एकच शाखा असणे, ही लक्षणे बहुधा पुरेशी ठरतात. अडचण सुरू होते ती जातीपाशी.

जातिनिश्चितीसाठी अभ्यासक ज्या तालिका वापरतात, त्यांत प्रत्येक पायरीवर दोन पर्याय दिलेले असतात. हे पर्याय बहुतांशी प्रौढ नराच्या अवयवांवर बेतलेले असतात, ही गोष्ट मात्र तालिकेच्या आरंभी क्वचितच ठळकपणे सांगितली जाते. युरोपच्या किनाऱ्यांवरील दोन परिचित जातींचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. ओर्केस्टिया गॅमरेलसच्या प्रौढ नराचा दुसरा नॅथोपॉड, म्हणजे पकडीचा पाय, चांगलाच मोठा असतो आणि त्याचे बोट रुंद तळव्यावर मिटते. शेवटच्या चालपायाचे दोन खंडही फुगीर होतात. टॅलिट्रस सॉल्टेटरच्या नरात हाच नॅथोपॉड लहान व बोटे नसलेल्या हातमोज्यासारखा राहतो. येथपर्यंत तालिका निर्दोष आहे. परंतु ओर्केस्टियाच्या मादीचा दुसरा नॅथोपॉडही हातमोज्यासारखाच असतो, आणि अल्पवयीन नराची मोठी पकड अनेक वेळा कात टाकल्यानंतरच आकाराला येते. परिणामी तालिकेतील सर्वांत ठसठशीत लक्षण नमुन्यातील बहुसंख्य प्राण्यांना लागूच पडत नाही. तालिका लिहिणाऱ्याच्या टेबलावर प्रौढ नर असतो. वाचणाऱ्याच्या बरणीत मात्र पिल्लेच अधिक असतात.

ही उणीव बोवर्स यांनी ओळखली होती. ‘पॅसिफिक सायन्स’ या नियतकालिकात 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कॅलिफोर्नियातील पाच जातींची ओळख जिवंत प्राण्याच्या पाठीवरील व कुशीवरील रंगठिपक्यांच्या रचनेवरून करून दिली आहे. ही पद्धत किनाऱ्यावरच उपयोगी पडते, सूक्ष्मदर्शकावाचून चालते आणि केवळ प्रौढ नरापुरती मर्यादित राहत नाही. तिचा दोषही तितकाच उघड आहे. अल्कोहोलमध्ये हे रंग टिकत नाहीत. ज्या जुन्या संग्रहालयीन नमुन्यांवर जातीचे नाव आधारलेले असते, त्यांच्याशी रंगाची तुलना करण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

बूसफील्ड यांचा 1982 चा ईशान्य प्रशांत महासागरी प्रदेशावरील ग्रंथ शरीररचनेची बाजू अधिक भक्कम करतो. कॅलिफोर्नियातील मोठ्या जाती त्यांनी ओर्केस्टॉइडियामधून काढून मेगॅलोर्केस्टिया या प्रजातीत ठेवल्या. हा निर्णय मान्य झाला. मात्र बोवर्स यांचा निबंध वाचताना प्रत्येक नाव आता मनातल्या मनात बदलून घ्यावे लागते! नराच्या पकडीवरचा भर या ग्रंथाच्या मांडणीतही कायम आहे. त्यातच मांडलेल्या प्लॅटोर्केस्टिया या प्रजातीतील प्लाटेन्सिस ही जाती दीर्घकाळ जगभरच्या किनाऱ्यांवरून नोंदवली जात होती. एकाच नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती वावरत होत्या, हे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले.

हा वाद केवळ नामकरणाचा नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात पर्यटकांसाठी किनारे यंत्राने स्वच्छ केले जातात. साचलेले शैवाल काढून टाकल्याने त्यावर जगणारे प्राणी घटतात आणि त्याचा संबंध किनारपक्ष्यांच्या अन्नाशी पोहोचतो, असे डुगन व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखविले. टॅलिट्रिडांना पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी-अवस्था नसते; मादीच्या शिशुधानीतून थेट प्रौढासारखीच दिसणारी पिल्ले बाहेर पडतात. त्यामुळे एखाद्या किनाऱ्यावरून जाती नाहीशी झाली, तर ती सहजासहजी परतत नाही. अशा ठिकाणी मोजणीतील बहुसंख्य प्राणी ‘अनिश्चित, अल्पवयीन’ या एकाच रकान्यात टाकले गेले, तर नेमकी कोणती जाती गेली हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

दोन्ही पद्धती परस्परांच्या पर्याय म्हणून वापरल्या जातात, हेच खरे दुर्दैव. एकाच प्राण्याचे रंग जिवंतपणी छायाचित्रात टिपून नंतर तो अल्कोहोलमध्ये ठेवला, तर दोन्ही पुरावे एका क्रमांकाखाली येतात. शिशुधानीची सोय तर तालिकाकारांनी जवळपास दुर्लक्षिलेलीच दिसते. मादीची जाती जनुकीय तुलनेने प्रौढ नराशी जुळली, की तिच्या धानीतील पिल्लांची जातीही निश्चित होते आणि त्यांच्या अवयवांचे वर्णन कोणत्याही तर्कावाचून लिहिता येते. मादी व पिल्ले यांच्यासाठी स्वतंत्र तालिका रचायची झाल्यास आरंभ या बरण्यांपासूनच करावा लागेल.