सल्ला कोणाचा, संरक्षण कोणाचं?

संशोधन प्रस्तावात आपण एक वाक्य हमखास लिहितो: 'धोरणाचा स्थानिकांवर होणारा परिणाम अभ्यासणे.' वाक्य साधं आहे, पण बघा, त्यात स्थानिक माणूस फक्त परिणाम सोसतो. धोरण ठरवताना तो कुठे होता, हा प्रश्नच उरत नाही. ही सवय आपल्याला कायद्याच्या भाषेतूनच लागते, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या धाराशिवला समुद्र नाही, म्हणून उदाहरण मालवणचं घेऊ. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचं पाणी त्यात आलं. या पाण्यावर ज्यांचं पोट, त्या मच्छीमारांनी विरोध केला.

आता वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २६-अ वाचा. हे १९९१ च्या दुरुस्तीने आलं, म्हणजे मालवणनंतर. अभयारण्यात समुद्राचा भाग घ्यायचा असेल, तर हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून ठरवायची, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेसे उपाय करून. एकाच वाक्यात दोन पक्ष आहेत, पण क्रियापदं वेगळी. जलसर्वेक्षकांना विचारायचं, मच्छीमारांचं हित जपायचं. ते हित कशात आहे, हे त्यांनाच विचारा, असं कलम म्हणत नाही. आणि उपाय 'पुरेसे' आहेत की नाहीत, हे कोण ठरवणार?

इथे कुणी म्हणेल, मच्छीमारांना विचारलं तर संवर्धन होणारच नाही. हा आक्षेप टिकत नाही. पर्ससीन जाळ्यांवर बंधनं आणा, ही मागणी पारंपरिक मच्छीमारांचीच होती. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने तशी बंधनं घातली. अभयारण्याला विरोध आणि मासे टिकावेत हा आग्रह, दोन्ही एकाच किनाऱ्यावर नांदतात. त्यांना 'पर्यावरणविरोधी' म्हणणारा अभ्यास अर्धीच गोष्ट सांगतो.

तुलनेसाठी २००६ चा वनहक्क कायदा घ्या. वनक्षेत्रातल्या पाणवठ्यांतील माशांवरचा सामूहिक हक्क तो मान्य करतो. वन्यजीवांसाठी गाव हलवायचं झालं, तर ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण संमती मागतो. प्रत्यक्षात ती कशी घेतली जाते, हा वेगळा वाद; पण कागदावर तरी ग्रामसभा 'नाही' म्हणू शकते. कलम २६-अ मच्छीमारांना तेवढंही देत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी मूळ कायदा, अधिसूचना उघडा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. कोणाला 'विचारलं', कोणाला 'कळवलं', कोणाला 'जपलं', कोणाची 'संमती' घेतली? सुरुवात घराजवळच करा ना: येडशी रामलिंग घाट अभयारण्याच्या कागदांना हेच चार प्रश्न विचारून बघा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच सापडेल, आणि तो नुसत्या 'परिणामां'पेक्षा नक्कीच धारदार असेल.